मोकळं बोलू या: सगळं आहे, तरी आत रिकामं का वाटतं?

सलाम मंडळी. मागच्या अंकात ख्रिस्ती विश्वास आणि समाधानी जीवन या विषयावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून इतकं आलं की सगळं छापणं शक्यच नाही. त्यातली बरीचशी एकाच सुराची होती म्हणून एक मोठं पत्र सविस्तर घेतलंय आणि बाकीचे जमतील तसे. नावं गाळली आहेत, कृपा करून कोण असेल कोण असेल म्हणून शोधत बसू नका, नाशिक आपलं कितीही वाढलं तरी चर्चच्या माणसांसाठी अजून छोटंच आहे.

ताई, सलाम. माझं वय ३६, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर आहे. पाथर्डी फाट्याला टू बीएचके घेतलाय, ईएमआय चालू आहे, बुलेट आहे, मिसेस पण जॉबला जातात. लहानपणापासून चर्चमध्ये वाढलो, कॉयरमध्ये टेनर गातो, रविवारची उपासना सहसा चुकत नाही. पण उपासना संपली की पार्किंगमध्ये हेल्मेट घालताना दर वेळी वाटतं की आपल्या आत काहीच नाही, पुढचे सहा दिवस नुसते ढकलायचे. परवा पाळकसाहेबांनी योहान १०:१० वर संदेश दिला, की येशू भरपूर जीवन द्यायला आलाय. मग ते माझ्यापर्यंत का पोचत नाहीये? विश्वास कमी पडतोय का? उपास धरू का?
एक वाचक, नाशिक

दादा, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. त्यात फ्लॅट आहे, हप्ता आहे, बुलेट आहे, कॉयर आहे, पार्किंगसुद्धा आहे, फक्त माणूस कुठे दिसत नाही. "मिसेस पण जॉबला जातात" एवढाच काय तो बायकोचा उल्लेख आणि तोही हप्त्याच्या ओघात आलेला. टोमणा मारत नाहीये हो, पण मला वाटतं दुखणं तिथेच कुठेतरी आहे, म्हणून आधीच बोलून टाकलं.

आता ते वचन. आपल्याकडे योहान १०:१० कॅलेंडरवर छापतात, मागे धबधबा नाहीतर बर्फाचे डोंगर, त्यामुळे वाटतं की येशू कुठेतरी निवांत बसून हे बोलला असेल. तुम्ही एक पान मागे जा. नवव्या अध्यायात एक जन्मांध माणूस आहे, येशूने त्याला दृष्टी दिली, आणि तिथून त्या बिचाऱ्याची जी चौकशी सुरू झाली ती थांबेचना. शेजारी म्हणतात हा तोच की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा, परूशी, म्हणजे नियमशास्त्र कडक पाळणारे यहुदी, म्हणतात शब्बाथ दिवशी, विसाव्याच्या वारी, कसं काय बरं केलं, आणि आईबापांना बोलावलं तर ते म्हणतात तो वयात आलाय, त्यालाच विचारा. घाबरले होते ते. पोटच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा दिसायला लागलं त्या दिवशी आईबापांनी अंग काढून घेतलं, आणि शेवटी परूश्यांनी पोराला बाहेर हाकलून दिलं. येशूला हे कळलं तेव्हा त्याने त्या माणसाला शोधून काढलं. आणि लगेच पुढे, त्याच बोलण्यात, मेंढपाळ, दार, चोर आणि भरपूर जीवन हे सगळं येतं. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात घातले गेले, मूळ लिखाणात तिथे थांबाच नाही, म्हणून घरी ९ आणि १० सलग वाचून बघा.

म्हणजे हे वाक्य कानावर पडलं तेव्हा ज्याला ते जीवन मिळालं होतं त्याच्या हातातून नुकतंच सभास्थान गेलेलं, गावातली पत गेलेली, आईबाप दूर उभे. त्याच्याकडे काय होतं? कोणीतरी आपल्याला शोधत आलं एवढं होतं. त्याच अध्यायात तिसऱ्या ओवीत म्हटलंय की मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. मला वाटतं तुमचा प्रश्न "मला काय मिळालं" असा आहे, आणि योहान बोलतोय ते "मला कोण ओळखतं" याबद्दल. तुम्ही कॉयरमध्ये इतकी वर्षं गाताय, तुमच्या शेजारी उभा राहून गाणाऱ्याला तुमच्या मनातलं हे माहीत आहे का? मला पत्र लिहिलंत, म्हणजे बहुतेक नसणार.

दुसरं, आणि हे मी जरा चिडून लिहितेय. आजकाल काही ठिकाणी साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस आधी नव्या फ्लॅटची चावी दाखवतो आणि मग प्रभूचं नाव घेतो, टाळ्या पडतात, आणि मागे भाड्याच्या खोलीतून आलेली बाई मान खाली घालून बसते. मला हे पटत नाही. मार्क १०:३० मध्ये येशूने शंभरपट मिळेल असं म्हटलंय, नाही असं नाही, पण यादी नीट वाचा. घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि त्याला जोडून "छळणुकीसह". ते शेवटचं कुठल्या स्टेजवरून आवाज चढवून वाचलेलं मी तरी ऐकलं नाही. आणि घरं शंभर मिळणार म्हणजे शंभर सातबारे तुमच्या नावावर नाही ना होणार, तर शंभर घरं अशी असतील जिथे तुम्ही बेल न वाजवता जाल आणि कोणीतरी म्हणेल बस, चहा टाकते. आता सांगा, तुमच्या बिल्डिंगमध्ये अशी किती दारं आहेत, आणि तुमचं दार असं किती जणांसाठी आहे?

प्रेषित पौलाचं बघा. फिलिप्पैकरांना लिहिलं ते तुरुंगातून, आणि तिथे तो म्हणतो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय. शिकलोय म्हणतो, म्हणजे त्यालाही आपोआप आलं नव्हतं. पण लगेच पुढे हेही म्हणतो की तुम्ही माझ्या अडचणीत भागीदार झालात हे बरं केलंत, एपफ्रदीताबरोबर पाठवलेलं मिळालं. समाधानी माणूससुद्धा पार्सलची पोच देतो आणि आभार मानतो. एकट्याने दात-ओठ खाऊन धरलेलं समाधान नाहीये ते.

आता "काहीच नाही" वाटतं त्याबद्दल. तुम्ही नाशिकचे, द्राक्षबाग पाहिली असणारच. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर पिंपळगावकडे चक्कर मारा, नुसते खुंट आणि तारा, नवख्या माणसाला वाटेल बाग गेली. पण पुढच्या दोनेक महिन्यांत जी काडी तयार होते तिच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात धरला जातो, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, आणि ऑक्टोबरची छाटणी झाली की मग तो बाहेर येतो. योहान १५ मध्ये येशू म्हणतो की फळ देणाऱ्या फांदीला बाप आणखी छाटतो, आणि बागाईतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. तुमचा हा काळ छाटणीचाच आहे असं मी छातीठोक सांगणार नाही, मला कसं कळणार, पण रिकामं वाटतंय म्हणजे देव सोडून गेला असा हिशोब करू नका एवढंच.

उपासाचं म्हणाल तर आधी यशया ५८ वाचा, देवाला कसला उपास हवाय ते तिथे स्पष्ट आहे, भुकेल्याला आपल्यातली भाकरी दे. मी तुमच्या जागी असते तर जेवण सोडण्यापेक्षा कोणाला तरी जेवायला बोलावलं असतं. तुमच्या हाताखाली कॉन्ट्रॅक्टवरची पोरं असतील, बहुतेक बाहेरगावची, सातपूर-अंबडला एका खोलीत पाच-सहा जण राहणारी. त्यातल्या एकाला रविवारी घरी आणा, साधं वरण-भात, मटण असेल तर उत्तमच. आणि त्या पोरांचा ओव्हरटाईम नीट लागतोय का हेही बघा, तुमच्या सहीने जात असेल तर. जकातदार जक्कयाच्या घरी येशू पाहुणा म्हणून गेला तेव्हा जक्कयाला आनंद झाला तो कुठे दिसतो, तर त्याने हिशोब काढला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. तुम्ही कोणाला फसवलंय असं म्हणत नाहीये मी, पण विश्वास पगाराच्या स्लिपपर्यंत पोचला पाहिजे ना.

आणि आज रात्री मिसेसना हे पत्र दाखवा. छापून आलेलं नको, तुम्ही लिहिलेलं.

ताई, मी नाशिक रोडला राहते. बाळंतपणानंतर मला डिप्रेशन आलं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत आणि फरकही आहे. पण आम्ही जिथे प्रार्थनेला जातो तिथल्या एका बहिणीने सांगितलं की ज्याच्यात येशू आहे त्याला डिप्रेशन होऊच शकत नाही, गोळ्या बंद करून विश्वासाने उभी राहा. सासूबाईंनाही तेच पटतंय. मी काय करू?

गोळ्या बंद करू नका. बाकी पुढचं सगळं सावकाश वाचा पण हे आत्ता ऐका. अशा गोळ्या मनाने एकदम थांबवल्या तर त्रास उलटू शकतो, कमी-जास्त करायच्या असतील तर ते डॉक्टरांनीच करायचं. बाळ अंगावर पीत असेल तर तेही त्यांना सांगून ठेवा.

आता वचनाचं. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा आहे. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलाय, एवढा मोठा विजय, आणि ईजबेल राणीच्या एका धमकीनंतर हा माणूस रानात एक दिवसाची वाट चालून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो पुरे झालं, माझा प्राण घे. एलीयात विश्वास नव्हता असं म्हणायची हिंमत त्या बहिणीची आहे का? आणि देवाने काय केलं, भाषण दिलं? देवदूताने हात लावून उठवलं, म्हणाला ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं. तो खाऊन परत झोपला तर झोपू दिलं, आणि दुसऱ्यांदा उठवून परत खायला घातलं कारण वाट लांबची होती. बोलणं नंतर, डोंगरावर गेल्यावर. सासूबाईंना हे वाचून दाखवा, आणि मग सांगा की रात्रीचं एक फीड तुम्ही सांभाळलंत तर मला सलग चार तास झोप मिळेल. बाळाला सांभाळणं हीसुद्धा सेवाच आहे आणि आज्या ती फार छान करतात.

पौलाच्या सोबत लूक होता, त्याला पौल "प्रिय वैद्य" म्हणतो. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहितो, प्रार्थना कर आणि गप्प बस असं लिहीत नाही. आणि स्वतःच्या शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली तरी तो निघाला नाही, ते २ करिंथ १२ मध्ये स्वतःच सांगतो.

रात्री-अपरात्री मन फारच खाली गेलं, स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करावं असे विचार आले, तर लगेच नवऱ्याला उठवा आणि टेलिमानसच्या १४४१६ नंबरला फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीतही बोलता येतं. त्या बहिणीचं मन दुखवायची गरज नाही, फक्त तिला म्हणा, माझ्यासाठी प्रार्थना करा आणि येताना वरणाचा डबा आणा.

मी पंचवटीत राहते, कॉलेजला आहे, आम्ही हिंदू. मैत्रिणीबरोबर एक वर्ष बायबल वाचतेय आणि येशूबद्दल मनात खूप ओढ वाटते, पहिल्यांदाच शांत वाटतं. पण घरच्या गणपतीच्या आरतीला उभी राहिले की दोन्हीकडून खोटं वागतेय असं वाटतं. एक जण म्हणतात लगेच बाप्तिस्मा घे, घरी नंतर सांग. काय करू?

बाळा, जो कोणी "घरी नंतर सांग" म्हणतोय त्याचं ऐकू नकोस. लपवून करायची गोष्ट नाहीये ही, आणि तुला घाई करणाऱ्याला तुझ्यापेक्षा स्वतःच्या आकड्याची जास्त काळजी असण्याची शक्यता आहे. खरा पाळक असेल तो तुला थांब म्हणेल, शिक म्हणेल, आईबाबांशी बोललीस का विचारेल.

तुझ्या शेजारचीच गोष्ट सांगते. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचा, घरात सोवळं इतकं कडक की विचारू नको. नवरा नारायण वामन टिळक, कवी, त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरावर आभाळ कोसळलं. लक्ष्मीबाई काही वर्षं माहेरच्या माणसांत राहिल्या. मग नवऱ्याकडे परत गेल्या, पण गेल्या म्हणून लगेच ख्रिस्ती झाल्या असं नाही, सोवळं-ओवळं पाळत राहिल्या, वाद घातले, रागावल्या, हसल्या, आणि आधी मनातली जातपात सुटली मग बाकीचं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे लायब्ररीत मिळेल, वाच, आणि आईलाही वाचायला दे, ती हसून हसून लोळेल बघ. आणि टिळकांनी तुकोबांना कधी सोडलं नाही हेही लक्षात ठेव, ख्रिस्ताची भजनं लिहिली ती अभंगात, आपल्याकडे ती आजही पेटी-तबल्यावर म्हणतात.

आरतीचं विचारशील तर आत्ता तुझ्या आईच्या शेजारी उभी राहतेस ते तिच्यावर प्रेम आहे म्हणून, यात मला खोटेपणा दिसत नाही. तुझ्या मनात कोणाचं नाव आहे ते देवाला ठाऊक आहे. पुढे जाऊन तू काय ठरवशील ते तुझं, सज्ञान आहेस, पण ठरवशील तेव्हा दिवसाउजेडी ठरव. वाचणं चालू ठेव. मार्क सगळ्यात छोटं शुभवर्तमान आहे, एका बैठकीत होतं.

आमची पिढी शरणपूरची. आता तरुण पोरं म्हणतात जुन्या चर्चमध्ये नुसता इतिहास आहे, जीवन नाही, आणि हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या संगतीत जातात. वाईट वाटतं.

काका, पोरांना इतिहास तरी माहीत आहे का? माझा अनुभव असा की त्यांना शरणपूर रोड म्हटलं की खाण्याची दुकानं आठवतात. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तिथे वस्ती उभी केली, अनाथांना आणि घराबाहेर काढलेल्यांना आसरा म्हणून. पुढे अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची आणि त्यावर सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईहून तिथे येऊ लागली. आईबाप नाहीत, गाव नाही, आपली भाषा बोलणारं कोणी नाही. त्यांना अक्षर शिकवलं, हाताला काम शिकवलं. त्यातला एक जेकब वेनराइट. तो पुढे मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या सोबत्यांत गेला, आणि आफ्रिकेत लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये वारले तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना वाचली ती जेकबने, झाडावर अक्षरं कोरली ती त्यानेच. मग तो, लिव्हिंगस्टन यांचे जुने सेवक चुमा आणि सूसी, आणि बाकीच्यांनी मिळून तो देह कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा मुलगा होता. जहाजाच्या तळातून तिथवर. त्याचं पुढचं आयुष्य काही सोपं गेलं नाही, पण "जीवन नाही" असं या मातीबद्दल म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

तरी एक बाजू पोरांचीही ऐका. हॉलमध्ये गेल्या गेल्या त्यांना कोणीतरी नावाने विचारतं, तुझा इंटरव्ह्यू कसा झाला. आपल्याकडे विचारतात, केस का वाढवलेत.

कर्जाचे हप्ते थकले असताना दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला, द्यावा का? न दिल्यास शाप लागतो असं ऐकलं.

कर्ज काढून दशांश देऊ नका. २ करिंथ ९:७ वाचा, मनात ठरवलंय तेवढं, जबरदस्तीने नाही. पतसंस्थेचा हप्ता, भांडीवालीचा पगार, दूधवाल्याची उधारी हे आधी, ही देणी आहेत आणि दिलेला शब्द पाळणं ही पण उपासनाच आहे. मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचं कौतुक येशूने केलं खरं, पण त्याच्या आधीच्याच ओळीत विधवांची घरं गिळणाऱ्यांना त्याने झापलंय, ते शाप लागतो म्हणणाऱ्यांना दाखवा.

आम्ही प्रोटेस्टंट. नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला गेलं तर चालतं का?

न चालायला काय झालं. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार-रविवार, गोव्या-मुंबईहून माणसं येतात, हिंदू शेजारी येतात, मेणबत्त्या लावतात, कोणी नोकरीसाठी कोणी पोरासाठी रडत असतं. मूर्तीपुढे काही मागायचं नसेल तर नका मागू, बाहेर बाकावर बसा आणि जे रडतायत त्यांच्यासाठी प्रार्थना करा, तुम्हाला वेळ पुरणार नाही. मात्र स्वतःची गाडी नेऊ नका, त्या दोन दिवसांत पुणे रोडला पार्किंग मिळत नाही, सिटीलिंकने जा.